खेड्यात राहून इंडी गिग कसे पाहता? अन नवीन कलाकार कुठून शोधता?

वावरातला_हेडफोन:

नमस्कार मंडळी. सहा-सात महिने नुसतं वाचून राहिलो होतो, आज हिंमत करून लिहितो. मी दारव्हा तालुक्यातला, गाव नाही सांगत कारण गाव एवढंसं अन त्यात असले इंडी गाणे, म्हंजे मोठ्या कंपनीबिगर स्वतःच बनवलेले, ऐकणारा मी एकलाच, लगेच ओळखू येईन. घरची शेती, कापूस-सोयाबीन अन मधात तुरीच्या ओळी. डवऱ्यामागं असो का ओलिताले, कानात कायम काहीतरी चालू असते. ओलीत तं रात्रीच, कारण लाईन रात्रीच येते, त्यामुळं जगातलं सगळ्यात चांगलं संगीत मी रात्री दोन वाजता चिखलात उभं राहून ऐकलं आहे.

सुरुवात २०१६ च्या शेवटी झाली, फुकटचं जिओ आलं तवा. चुलतभावानं रघु दीक्षितचा एक व्हिडिओ पाठवला. कन्नडचा एक शब्द समजत नाही पण तीन दिवस तेच लावून बसलो. मंग वाचलं तं समजलं का त्याच्या काही गाण्याचे बोल शिशुनाळ शरीफ नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या संतकवीचे आहेत, म्हंजे आपल्या इकडं कोणी तुकडोजी महाराजांचं भजन घेऊन बँड काढला तं जसं होईन तसं. तिथून इंडियन ओशन, मंग अभंग रिपोस्ट हे बँड, मंग स्वदेसीवाल्यायचं रॅप, त्यात मराठीतूनही बोलणारा आहे हे ऐकून तं मी वावरातच उड्या मारल्या.

पण हे सगळं फोनमधी. खरं गिग, म्हंजे समोर उभं राहून ऐकाचा कार्यक्रम, आयुष्यात एक पाह्यलं. मागच्या हिवाळ्यात पहिल्या वेच्याचा कापूस विकला अन घरी सांगतलं का मित्राच्या साखरपुड्याले पुण्याले जातो. यवतमाळवरून ट्रॅव्हल्स, अख्खी रात्र. ज्या बँडसाठी गेलो त्याचं नाव घेत नाही कारण थे त्या दिवशी वाईट वाजले, ड्रम एवढा मोठा का शब्द ऐकूच येत नाही अन गाणारा आपला ओठ हलवून राहिला. पण त्यायच्या आधी एक पोरगी होती, एकलीच, गिटार अन पायाखाली लूपचं यंत्र, आपलाच आवाज रेकॉर्ड करे अन त्याच्यावरच पुन्हा गाये. लोकायची तिच्याकडं पाठ अन बारकडं तोंड. समोर उभे आम्ही पंधरा-सोळा जण. तिसरं गाणं मराठीत होतं, जात्यावरच्या ओवीसारखं काहीतरी, मी उभ्याउभ्या रडलो बापा, बाजूच्या पोट्ट्यानं विचारलं भाऊ ठीक आहे ना. नंतर तीच टेबलावर बसून स्टिकर विकत होती, पन्नासले एक. मी चार घेतले, त्यातला एक डवऱ्यावर चिटकवला आहे.

खर्च सांगतो. तिकीट ७९९, जाणंयेणं, लॉज, खाणं, आतमधी पाण्याची बाटलीसुद्धा सोन्याची, सगळं मिळून चार हजार दोनशे. कापूस तवा सात हजाराच्या आसपास होता क्विंटलले, म्हंजे साठ किलो कापूस एका संध्याकाळी फुंकला. साठ किलो वेचाले किती जणी लागतात थे इथल्या लोकायले सांगाची गरज नाही.

तं विचारतो असं का, विदर्भात राहून तुम्ही काय करता? जवळपास काही होते का? अन नवीन कलाकार कसे सापडतात तुम्हाले, कारण माझा फोन आता फिरून फिरून तेच दहा जण दाखवते. गावातल्या मित्रायले ऐकवलं तं म्हणतात हे झोपाचं गाणं आहे, बेस कुठी आहे याच्यात.


बर्डीवाला:

भाऊ पहिले डवऱ्यावरच्या स्टिकरचा फोटो टाक, बाकी नंतर.

तुला वाटत असेल नागपूर जवळ आहे अन तिथं रोज काही ना काही होत असेल. मी बर्डीवर राहतो अन मलाच महिन्यातून एखादं भेटते. कॅफेत गिग म्हणून जे लावतात ते बहुतेक हिंदी कव्हर असते. एकदा एक पोट्टा दीड तास दुसऱ्यांचेच गाणे गात होता, लोकं सोबत गाऊन राहिले, मोबाईलचे टॉर्च वगैरे, अन मग तो म्हणे "अब एक अपना ओरिजिनल". त्या वाक्यावर तीन टेबलांनी बिल मागितलं बे. डोळ्यांनी पाहिलं. गाणं चांगलं होतं म्हणून जास्त वाईट वाटलं. बाहेर पार्किंगमध्ये त्याला गाठलं, अर्धा तास बोललो, आता तो नवीन काही केलं की मला व्हॉट्सॲपवर आधी पाठवते, कच्चंच, फोनवर रेकॉर्ड केलेलं. मी दोन ओळी खराब आहे म्हणून सांगितलं तर त्यानं त्या बदलल्या. असं पुण्याच्या चारशे लोकांच्या गर्दीत होत नसते.

कॉलेजचे फेस्ट मात्र सोडू नको. व्हीएनआयटीचा आरोही, बाकी इंजिनिअरिंगवाल्यांचे पण. मोठा बँड तिथंच येते कारण पैसा कॉलेजचा असते. बाहेरच्यांना पास भेटेल का नाही हे दरवर्षी वेगळं, आत कोणी ओळखीचं पोट्टं धरून ठेव. सिव्हिल लाईन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात बाहेरच्या राज्यातले लोककलाकार येतात, त्याला कोणी इंडी म्हणत नाही पण मी जातो.

शोधायचं म्हणशील तर अल्गोरिदम तुला तेच देणार जे तू आधीच ऐकलं, त्याचा धंदाच तो आहे. मी गाण्याचे क्रेडिट वाचतो. बेस कोणी वाजवला, मिक्स कोणी केलं, मग त्या माणसानं आणखी कोणाचं काम केलं ते पाहतो. एक ड्रमर चार-चार बँडात असते कारण एका बँडवर पोट भरत नाही, तर त्या ड्रमरला धरलं का चार बँड भेटले, त्यातला एक तरी कामाचा निघतोच. अन तुला पुण्यात जे झालं तेच मी सगळ्यांना सांगत असतो, मेन बँडच्या आधी जो उभा राहते त्याच्यासाठी लवकर जा.

पैशाचं पण सांगतो कारण लोकांना माहीत नसते. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला, बारा महिन्यांत हजार प्ले झाले नाही तर त्या गाण्याला दमडी भेटत नाही. बँडकॅम्प म्हणून साईट आहे, तिथं कलाकाराचं गाणं विकत घेतलं तर ते लोकं डिजिटलवर १५ टक्के कापतात, पेमेंटचा थोडा खर्च जाते, बाकी कलाकाराला. म्हणून तुझी ती लूपवाली पोरगी ओलिताच्या वेळी रोज लाव. (चालू ठेवून झोपू नको, ऐक.)


वडसा_लाईट:

काजी, तुम्ही सगळे पुण्या-मुंबईच्या मागं लागले अन आमच्या झाडीपट्टीचं, म्हंजे पूर्व विदर्भातल्या गडचिरोलीकडच्या भागाचं, नावच नाही घेतलं कोणी.

हेडफोन भाऊ, दिवाळी झाली की आमच्याकडं मंडई, म्हंजे गावोगावची जत्रा, सुरू होते अन नाटकं सुरू होतात, होळीपर्यंत. वडशाले नाटक कंपन्यायचे ऑफिस आहेत ओळीनं, बाहेर पोस्टर लटकलेले, गावातले लोकं येतात, तारीख पाहतात, नाटक ठरवून जातात. रात्री दहा-अकराले पडदा उघडते अन कोंबडा आरवेपर्यंत चालते. गाणे सगळे लाईव्ह जी. पेटी, तबला, ढोलक, आता ऑक्टोपॅड आला. तुमच्या त्या बँडमधी शब्द ऐकू येत नव्हते म्हणता, इथं शेवटच्या रांगेतल्या बुढीले शब्द ऐकू नाही आला तं थे उठून ओरडते, आवाज वाढवा म्हणून. हा आमचा साउंड चेक.

मी एक गायिका अशीच शोधली. पहिल्या रात्री लहानशा कामात होती, एकच गाणं, पण आवाज असा का लोकं चहा घ्याले उठले होते ते परत येऊन बसले. मी विचारत विचारत दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावाले, तिसऱ्या रात्री तिसऱ्या, फटफटीवर, थंडीत, तोंडाले गमछा बांधून. तिसऱ्या रात्री तिले दोन गाणे दिले होते. या वर्षी पोस्टरवर तिचा फोटो मोठा आहे. आता सांगा, नवीन कलाकार शोधणं याहून काय वेगळं असते?

अन मान नाही असंही नाही, गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यायले २०२३ ले पद्मश्री भेटली, याच नाटकायसाठी. आमच्या गावात शंकरपटाच्या, म्हंजे बैलायच्या शर्यतीच्या, दिवशीच नाटक ठेवतात, म्हंजे दिवसभर बैल अन रात्रभर नाटक. पटावर २०१४ ले बंदी आली होती थे २०२१ च्या डिसेंबरात सुटली, आता पुन्हा पहिल्यासारखी गर्दी आहे. तिकिटाले तुमच्या ७९९ मधी अख्खं घर बसते जी, वरून भजे.


मिक्सर_बिघडला:

वडसावाल्या भाऊंना मान देऊन सांगतो, झाडीपट्टी इंडी नाही. कंपनी आहे, मालक आहे, नाटक ठरवून पैसे घेतात, कलाकार पगारी. उत्तम आहे, मी स्वतः चार रात्री जागलो आहे, पण जो माणूस स्वतः लिहितो, स्वतः गातो अन स्वतःच टेबल मांडून स्टिकर विकतो त्याची तऱ्हा वेगळी. उगाच सगळ्याला एका पोत्यात नका भरू.

आता माझं. कारंज्याकडं माझा मंडप अन साउंडचा धंदा आहे, लग्न, गणपती, जयंती, सप्ताह. दोनेक वर्षाआधी आमच्या गावातल्या मास्तरच्या ओळखीचा पुण्याचा एक गाणारा मेळघाट फिरून परत जात होता, मास्तर म्हणे याचा कार्यक्रम करू शाळेच्या पटांगणात. मी म्हटलं करू, त्यात काय. त्यानं दोन पानांचं रायडर पाठवलं. रायडर म्हणजे त्याला काय काय सामान लागते त्याची यादी, हे मला मास्तरनं समजावलं, मला वाटलं बाईकवाला कोणी सोबत येणार आहे.

माझ्याकडं सगळं डीजेचं सामान, अठरा इंची बेसचे डबे अन टॉप, म्हणजे त्यांच्यावर ठेवायचे स्पीकर. गिटारची वायर सरळ मिक्सरात घातली तर नुसती घर्रर्र, अन माईक उघडला की शिट्टी. त्याचा आवाज बारीक, तो वाढवला की शिट्टी, कमी केला की गायब. तासभर हेच. शेवटी बेसचे डबे पूर्ण बंद केले, दोन टॉप खुर्च्यांवर ठेवून माईकच्या पुढं सरकवले अन भजनी मंडळाचा जुना स्पीकर त्याच्या पायापाशी त्याला स्वतःला ऐकू यायला ठेवला. शिट्टी गेली. मग लाईट. शाळेची अन पिठाच्या चक्कीची लाईन एकच निघाली, चक्की सुरू झाली की व्होल्टेज पडे अन त्याचं ते पायाचं यंत्र बंद पडून पुन्हा चालू होई. चक्कीवाल्याला हात जोडून म्हटलं दोन तास दळण थांबव, तो म्हणे मग मीच कार्यक्रमाला येतो.

साठ-सत्तर लोकं असतील, पुढं सगळे पोट्टे, मागं म्हातारे. तिसऱ्या गाण्याला भजनी मंडळातल्या एका आजोबांना राहवलं नाही, खंजिरी घेऊन सरळ उभे. त्यांची लय अन याची लय काही जमेना, दोन मिनिटं नुसता गोंधळ, मला वाटलं आता फजिती. तर त्या पोरानं गिटार खाली ठेवली, टाळ मागून घेतले अन आजोबांच्या मागं लागला. पुढचा अर्धा तास आजोबा गात होते अन हा साथीला. लोकांना पाहुणा कोण अन गावचा कोण तेच कळेना. खंजिरीवर भजनं म्हणणारे तुकडोजी महाराज १९५५ ला जपानच्या विश्वशांती परिषदेत गेले होते, तर आमच्या शाळेच्या पटांगणात पुण्याचं पोरगं खंजिरीपुढं नमलं तर नवल नाही.

शेला फिरवला, दोन हजार सातशे चाळीस निघाले, त्यात पन्नासची एक फाटकी. वरून कोणी पाच किलो तुरीची डाळ दिली. भाडं मी घेतलं नाही, डिझेल अन पोरांचा चहा माझ्याकडून गेला, त्याचं काही नाही. पण त्यानंतर मी डीआय बॉक्स घेऊन ठेवला, दीड-दोन हजारात येतो साधा, गिटार त्यातून काढली की लांब वायरीतही घर्रर्र होत नाही. हेडफोन भाऊ, तुमच्या गावात कोणी साउंडवाला असेल त्याला हे एक सांगाच. अन "बेस कुठे आहे" म्हणणाऱ्या मित्रांना एकदा समोर बसवा. फोनवर ऐकवून कोणी पटत नाही, मी पण पटलो नसतो.


निळी_कॅसेट:

सगळं वाचलं, छान वाटलं. पण दोन गोष्टी कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

एक तर "इंडी" हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरी तेच चालू होतं. बाबा दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर न्यायचे, आम्ही वर्ध्याकडचे, भाकरी बांधून निघायचो. पुस्तकांच्या स्टॉलइतकेच गाण्यांचे स्टॉल. त्यात गावोगावच्या गायकांनी स्वतः पैसे घालून काढलेल्या कॅसेट असायच्या, कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो, खाली गायकाचा फोटो आणि कोपऱ्यात फोन नंबर, कार्यक्रमासाठी संपर्क. कुठलं लेबल आणि कुठला मॅनेजर. लोकशाहीर वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले पण त्यांची गाणी म्हणणारे नवीन आवाज मला दरवर्षी तिथेच सापडले. माझी पद्धत अगदी सोपी, स्टॉलवाल्याला विचारायचं की या वर्षी नवीन कोण. तो लगेच लावून दाखवायचा, बाजूच्या स्टॉलचं गाणं त्यात मिसळायचं, आपण कान लावून उभं राहायचं. नंतर सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. बाबांच्या कॅसेट मी अजून ठेवल्यात, टेप बिघडलाय पण ठेवल्यात.

दुसरं. तुम्ही सगळे किती सहज लिहिता, ट्रॅव्हल्सने गेलो, फटफटीवर तीन रात्री फिरलो, पार्किंगमध्ये अर्धा तास बोललो. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, पण अर्ध्या रात्री एसटीच नसते. मी नागपुरात शिकत असताना एका गिगला गेले, सुरू व्हायची वेळ सात, सुरू झालं पावणेनऊला, हॉस्टेलचं गेट दहाला बंद. दोन गाणी ऐकून निघाले. ज्याच्यासाठी गेले होते तो स्टेजवर आला तेव्हा मी ऑटोत होते, मैत्रिणीने फोन चालू ठेवला म्हणून थोडं ऐकू आलं. त्यामुळे कोणी गिग ठेवत असाल तर एवढंच करा, दुपारी चारला ठेवा आणि चारला सुरू करा.


वडसा_लाईट:

ताई, गिगचं मी नाही सांगू शकत पण नाटकाले बायाच जास्त असतात जी आमच्याकडं. सासू, सून, लेकरं, चटई, चादर, सगळं घर येते, लेकरं तिथंच झोपतात. पाहुणे म्हणून कोणाच्या घरी उतराचं अन सकाळच्या गाडीनं परत. तुम्ही आल्या तं माझ्या आईकडं उतरा, थे दर वेळी सगळ्यात पुढं बसते.

मिक्सर भाऊ, इंडी नाही तं नाही, नाव तुम्ही ठेवा. गाणं आमचं लाईव्ह आहे.


मिक्सर_बिघडला:

लाईव्ह आहे, मान्य. पण त्या ऑक्टोपॅडवाल्याला सांगा थोडा कमी मारत जा म्हणून.


वावरातला_हेडफोन:

बापरे, एवढे उत्तर येतीन असं वाटलं नव्हतं. कालपासून तीनदा वाचलं.

बर्डी भाऊ, क्रेडिटवालं काल रात्रीच करून पाह्यलं. त्या लूपवाल्या पोरीच्या एका गाण्यात सारंगी आहे, सारंगीवाल्याचं नाव शोधलं, त्यानं तीन जणायसोबत वाजवलं आहे अन त्यातला एक माणूस बुंदेलीत गाते. लाईन चार वाजता गेली तरी मी वावरातच बसून होतो. फोटो उद्या टाकतो, स्टिकरवर आता अर्धा चिखल आहे.

निळी ताई, तुमचं बरोबर आहे, मी बहिणीले कधी विचारलंच नाही का तुले याचं आहे का. काल विचारलं. ती म्हणे तू साखरपुड्याच्या नावानं गेला थे मले माहीत होतं.

मिक्सर भाऊ, तुमचा नंबर मेसेजमधी द्याजा. माझ्या डोक्यात एक आहे. आमच्या गावात पोळ्याले तोरणाखाली झडत्या होतात, एक पार्टी म्हणते, दुसरी तोडते, मधात हर बोला हर हर महादेव. माझा चुलतभाऊ, तोच रघु दीक्षितवाला, त्यानं मागच्या वर्षी कापसाच्या भावावर स्वतःची झडती जोडली होती, सरळ रॅप होता बापा, म्हातारे सुद्धा दाद देऊन राहिले होते. त्याले एक माईक अन साधा बीट द्याचा आहे, दुपारी चारले, बैल सुटाच्या आधी. बैल बिचकू नाही एवढाच आवाज पाहिजे. तुमचे अठरा इंचीवाले डबे घरीच ठेवा.

वडसावाले भाऊ, तूर निघाली का येतो, बहीण पण म्हणते येते. अंथराले काही आणाचं का घरून?


वडसा_लाईट:

चटई भेटते. पांघराले आणा जी, दोन आणा, तीन वाजताची थंडी वाईट असते अन एक आई घेऊन टाकते.